ठासून सांगितलेलं

आमच्या घरात ‘ठासून सांगणे’ हे कौतुकाचं क्रियापद होतं. माझे वडील साताऱ्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक. त्यांच्याबद्दल गावात कुणाला चांगलं बोलायचं असलं, की पहिलं वाक्य हेच : गुरुजी काय सांगायचं ते ठासून सांगतात. जेवताना आम्हा भावंडांपैकी कुणी ‘मला वाटतं’ अशी सुरुवात केली, की त्यांचा घास हातात तसाच थांबे. “वाटतं काय? आहे की नाही, तेवढं सांग.” मग ज्याला वाटत असे तो एक तर गप्प बसे, नाहीतर जे नुसतं वाटत होतं ते तसंच आहे म्हणून सांगून मोकळा होई. मी बहुतेक वेळा गप्प बसणारा. पण बोललो की दुसऱ्या प्रकारचा. मोजकं बोलणाऱ्या माणसाच्या ठासण्याला जास्त वजन येतं, हे मला फार लवकर कळलं, आणि मी ते आयुष्यभर वापरलं.

या शब्दाचा मी अलीकडे बराच विचार केला आहे. कोशात पाहिलं तर ठासणे म्हणजे दाबून भरणे. जुन्या बंदुकीत तोंडातून दारू घालून वरून गजानं दाबत, ते ठासणं. म्हणून ठासणीची बंदूक. सांगण्याला हा शब्द कधी आणि कुणी जोडला ते मला माहीत नाही. बंदुकीवरून आला असावा असं मला वाटतं. निदान ऐकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर तसं वाटायला जागा आहे. पण मी बंदूक कधी हातात धरली नाही. मला ठासणं माहीत आहे ते दोन ठिकाणचं. एक माझ्या कारखान्यातलं, आणि दुसरं अक्कांच्या अंगणातलं.

कारखान्यात मी ओतशाळेत होतो. पन्नास साल उलटल्यावर थोड्याच दिवसांत बंगळुरात सरकारी कारखान्यांत इंजिनिअर हवे होते, आणि पुण्याला नोकरी मिळेपर्यंत दोन वर्षं काढू, असं म्हणून मी तिथं गेलो. ओतशाळेत लाकडी नमुना पेटीत ठेवतात आणि त्याच्या भोवती ओलसर वाळू ठासतात. नमुना काढून घेतला की वाळूत त्याची पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. वाळू सैल राहिली तर साचा ढासळतो. पण फार ठासली तरी काम वाया जातं, कारण तापलेल्या धातूमुळे उठणारी वाफ दाण्यादाण्यांमधून बाहेर पडायला हवी. तिला वाट मिळाली नाही की ती धातूतच शिरते. वरून ओतकाम गुळगुळीत दिसतं. लेथवर कापायला घेतलं की आत भोकं. नव्या माणसांना हे मीच शिकवत असे. वाळूला श्वास घेता आला पाहिजे, असं माझं ठरलेलं वाक्य होतं. ते म्हणताना मी वाळूवर हलकेच बोट दाबून दाखवायचो.

संध्याकाळी सायकल काढून मी चामराजपेटेतल्या घरी यायचो. घर म्हणजे एका घराचा मागचा भाग. पुढच्या भागात मालक राहत. त्यांचं दंडू भागात, म्हणजे छावणीकडे, गणवेश शिवायचं दुकान होतं. मालकीणबाईंना सगळा रस्ता अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही. मधलं अंगण, नळ आणि कपडे धुण्याचा दगड दोन्ही घरांना मिळून. हे लोक मराठी, पण आमच्यासारखे काल आलेले नव्हेत. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि राहिले. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मं कानडी. भाजीत मीठ ‘स्वल्प’ कमी व्हायचं, सगळ्या कामांना शेवटी ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायचं, आणि वाक्याच्या टोकाला एक ‘की’ लोंबकळायचा. पहिल्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, “अण्णा, नळाला पाणी सकाळीच येतंय की, स्वल्प लवकर उठायला पाहिजे.” मी खोलीत जाऊन बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली. ती हसली, आणि मग म्हणाली, “पण पाण्याचं सांगितलं की त्यांनी.” तो ‘की’ तिला तेव्हाच चिकटला होता.

मुलगी झाली. दोन वर्षं राहायचं होतं ती चार झाली, तरी मी पुण्याच्याच जाहिराती पाहत होतो. भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा मी म्हणत असे की कशाला, आपण कुठं इथले. कानडी मी शिकलो नाही. कारखान्यात इंग्रजी आणि थोडी हिंदी पुरत होती. बायकोला मात्र भाजीवाली, दूधवाला, अक्का, सगळ्यांशी बोलावं लागे. ती हळूहळू शिकली. माझ्यासमोर फारसं दाखवत नसे.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं. मुलगी तेव्हा दोन-अडीच वर्षांची. ती दिवसभर अक्कांकडेच असायची. त्यांची स्वतःची मुलं मोठी होऊन कामाला लागलेली, घर रिकामं. मुलीला बोलायला फुटलं ते तिथं. पाण्याला ती ‘नीरु’ म्हणायची. जेवायला ‘ऊटा’. नको असलं की ‘बेडा’. आणि त्याला आमचं शेपूट लावून ‘मला बेडा, तू जा’. आल्यागेल्यांत तिच्या या बोलण्याचं कौतुक होतं. मलाही गंमत वाटायची, हे मला इथं लिहिलं पाहिजे. मी ऑफिसात सांगितलंही होतं.

मग मे महिन्यात वडील आले. नातू झाला होता, त्याला पाहायला. नातीनं त्यांना पहिल्या संध्याकाळी दारातच ‘बा, बा’ म्हणून आत बोलावलं, कानडीत. त्यांनी खिशातून पेपरमिटाची गोळी काढली. ती तिला नको होती. “बेडा,” ती म्हणाली आणि अक्कांच्या दारात पळाली. वडील खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “अरे, तू इथं भाड्यानं राहतोस ते कळलं होतं मला. मराठीही भाड्यानंच राहते, हे नव्हतं माहीत.”

बस, एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पंधरवडा राहिले, नातवाला मांडीवर घेऊन बसले, आणि गेले. त्यांना स्टेशनवर पोचवून सायकलवरून परत येताना मी सगळं ठरवून टाकलं.

बायकोला सांगितलं ते असं : एका वेळी दोन भाषा कानावर पडल्या की मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो. शास्त्र आहे ते. म्हणून घरात फक्त मराठी. ती जे मागेल ते मराठीत मागेपर्यंत द्यायचं नाही. पाणीसुद्धा.

“कुणी सांगितलं?” बायकोनं विचारलं. बाळ तिच्या मांडीवर होतं.

“सांगायला कशाला पाहिजे? उघड आहे.”

मी ते कुठंही वाचलेलं नव्हतं. कुणाकडून ऐकलंही नव्हतं. शास्त्र हा शब्द माझ्या तोंडून निघाला त्या क्षणी ते शास्त्र तयार झालं. मी इंजिनिअर होतो, आणि बायको मॅट्रिक. तिनं पुढं काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं की तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अक्का अंगणात चिंचेला बसल्या होत्या. त्यांचं माहेर आनेकलचं. तिकडून दरवर्षी बसच्या टपावरून चिंचेचं पोतं येई. टरफलं आणि चिंचोके काढून, ऊन देऊन, मिठाबरोबर थर घालत ती मोठ्या चिनी मातीच्या बरणीत भरायची, आणि प्रत्येक थर लाकडी दांड्यानं ठासायचा. आत वारा राहिला तर बुरशी धरते. त्या दोन्ही पायांत बरणी धरून ठासत होत्या. मुलगी शेजारी बसून चिंचोके एका डब्यात टाकत होती आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणत होती. मी उभ्यानंच अक्कांना माझा नियम सांगितला. तिच्याशी कानडी बोलू नका म्हणालो. नाहीतर तिला इकडे पाठवणार नाही.

त्या थांबल्या. “आम्ही बोलतो ते मराठीच की, अण्णा.”

यावर मी जे बोललो ते आवाज न चढवता बोललो. वडीलही आवाज चढवत नसत.

“ते मराठी नाही, अक्का. ते काहीच नाही.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे, एखाद्यानं पत्ता विचारावा आणि तो आपल्याला ठाऊक नसावा, तसं काहीसं. मग म्हणाल्या, “सरी,” आणि दांडा उचलून पुन्हा ठासायला लागल्या. मी मुलीला उचलून घेऊन आलो. चिंचोक्यांचा डबा तिथंच राहिला. ती रडत होती, आणि मला रडण्याची भाषा कोणती हा प्रश्न नव्हता, म्हणून मी रडू दिलं.

आता पाण्याचं.

ते त्याच आठवड्यातलं किंवा पुढच्या. सुटीचा दिवस होता. दुपारी मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. आत बायको बाळाला घेऊन झोपलेली. मुलगी अंगणातून तापून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. “नीरु.”

“पाणी म्हण.”

“नीरु.”

माठ उंच तिवईवर होता, तिचा हात पोचत नव्हता. मी उठलो, फुलपात्र भरून आणलं, आणि हातात धरून पुन्हा बसलो. ते तिला दिसावं असं धरलं. “पाणी,” मी म्हणालो. “काय म्हणायचं? पाणी.” तिनं माझ्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि पुन्हा तेच म्हटलं, अगदी हळू, जणू मला ऐकू आलं नव्हतं आणि आता गुपचूप सांगितलं की येईल. मी मान हलवली. तिचे ओठ सुकलेले होते. ते मला दिसत होते. तिला तो शब्द येत होता, असंही मला वाटतं. तिनं तो आईच्या तोंडून रोज ऐकलेला होता. पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिनं तो उच्चारला नाही. मग गेली. धुण्याच्या दगडाशी बादली होती, कपडे खळबळायची. तिनं तिच्यात ओंजळ घातली आणि प्याली.

मी फुलपात्रातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. हे का सांगतो आहे, कळत नाही. पण ते तसंच झालं.

त्यानंतर तिनं पाणी मागितलं नाही. कुठलंच काही मागितलं नाही. काही दिवस बोटानं दाखवायची; मी बायकोला म्हणालो की खुणांना दाद देऊ नकोस, त्यानं आळस वाढतो. मग खुणाही थांबल्या. भूक लागली की ती ताटाजवळ जाऊन बसायची. नीरु गेलं, ऊटा गेलं, बेडा गेलं, आणि त्यांच्या जागी माझे शब्द आले नाहीत. पावसाळा संपून दसरा आला. शेजारच्या दुकानांसमोर आयुधपूजेचे कोहळे फुटले, सायकलींना हार पडले. ती माझ्या कडेवर बसून सगळं बघत होती. मी एकेक वस्तू दाखवून तिचं मराठी नाव सांगत होतो. ती नावाकडे नव्हे, वस्तूकडेच पाहत होती.

शेवटी बायकोनं दवाखान्याचा धोशा लावला. डॉक्टर वयस्क होते, इंग्रजीत बोलत. त्यांनी कान तपासले, घसा पाहिला, तिच्या पाठीमागं टाळी वाजवली. ती लगेच वळली. कान उत्तम आहेत म्हणाले. आधी बोलत होती का? मी सांगितलं, थोडं. एखादी भीती बसली का, ताप वगैरे, काही घडलं का घरात? मी म्हटलं, धाकटा भाऊ झाला. घरात कोणती भाषा? मराठी. फक्त मराठी.

बायको माझ्या शेजारी बाकावर बसली होती. इंग्रजी तिला एवढं तर नक्कीच कळत होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती काहीतरी बोलेल याची मी वाट पाहत होतो, आणि ती बोलू नये अशी आशाही करत होतो. ती बोलली नाही. धाकटं मूल आलं की होतं असं कधीकधी, डॉक्टर म्हणाले, थांबा, आपोआप बोलेल. मी त्यांचे आभार मानले. तिथून पुढं आमच्या घरातली कथा ठरली : मुलगी उशिरा बोलायला लागली. वडिलांना तसंच कळवलं. ते म्हणाले तूही उशिराच बोलला होतास, आपल्याकडे आहे ते. मग ते घराण्यातच गेलं. पाहुण्यांना, शाळेच्या बाईंना, पुढं खुद्द मुलीला, आम्ही हेच सांगत आलो. सांगायचो मीच, बायको ऐकायची.

नियम कसा संपला तेही सांगतो. मी तो मागे घेतला असा कुणाचा समज होऊ नये. एकदा वीज गेल्यामुळे ओतशाळेनं दुपारीच सुटी दिली. मी घरी आलो, सायकल भिंतीला लावली, आणि अंगणात शिरण्याआधी मला आवाज आला. अक्कांच्या स्वयंपाकघरातून. एक बारीक आवाज सलग बोलत होता. कावळ्याचं काहीतरी होतं. ‘कागे’ आला, ‘कागे’नं पोळी नेली, मी म्हटलं बेडा बेडा, तो गेलाच की. मध्ये अक्का विचारत, मग? आणि बायकोचं हसणं. मी त्या आवाजाला ओळखलं नाही. कुणाची मुलगी आहे, असं एक क्षण माझ्या मनात आलं.

मी दारात गेलो. मुलीनं मला पाहिलं आणि वाक्य जिथं होतं तिथं थांबलं. तोंड उघडंच होतं. मग ते मिटलं. अक्का उठून चुलीकडे वळल्या.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “तुम्ही कामावर गेलात की मी तिला सोडते तिकडे. दवाखान्यातून आल्या दिवसापासून.” मी विचारलं, बोलते तर मग घरी का नाही. ती बाळाचे कपडे घडी करत होती. “घरी बोलते. तुमच्यासमोर बोलत नाही.”

त्या वेळी माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. ते आले नाहीत. ठासण्याचा सराव असलेल्या माणसाला उलटं काही करता येत नाही. तसं कधी लागलेलं नसतं. मी फक्त नियमाबद्दल बोलायचा थांबलो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शाळेत जायच्या सुमाराला मुलगी माझ्याशी मराठीत बोलू लागली. स्वच्छ, शुद्ध, आखूड. हो बाबा. नाही बाबा. झालं बाबा. माझ्याशी बोलताना तिच्या तोंडून एकही कानडी शब्द कधी निसटला नाही. वडील पुढच्या खेपेला आले तेव्हा तिचं मराठी ऐकून खूश झाले. “बघ,” ते म्हणाले, “धरून बसलं की होतं.” मी होकार दिला. तो होकार मला दवाखान्यातल्या उत्तराइतकाच सलतो.

साठ साल उलटून गेलं. पुण्याच्या जाहिराती पाहणं कधी बंद झालं आठवत नाही. धाकटा मुलगा अंगणात कानडीत भांडायचा, मराठीत जेवायचा, इंग्रजीत नापास व्हायचा, आणि मी त्याला कधी काही म्हटलं नाही. मुलीला हे दिसत असणार. तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा ती शाळेतून आली की आधी अक्कांकडे जायची. भिंतीपलीकडून तिचं हसणं यायचं, तीच वाहती, सरमिसळ भाषा. आणि आमच्या दाराशी आली की पायांतल्या चपला काढाव्यात तशी ती बाहेर काढून ठेवायची. ओतशाळेत माझ्या हाताखाली आता पुष्कळ माणसं होती. वाळूला श्वास घेता आला पाहिजे, हे मी अजून सांगत असे. एके दिवशी ते सांगताना माझं बोट वाळूवर होतं आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. समोरच्यांना वाटलं मला बरं नाही. मी बरं नाही म्हणूनच घरी आलो.

चिंचेचे दिवस होते. अक्का ओसरीवर बसलेल्या. त्यांची मनगटं धरायला लागली होती, दांडा उचलवत नव्हता. नुसतं मीठ मोजून देत होत्या. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो. इतक्या वर्षांत मी तिथं कधी बसलो नव्हतो. म्हटलं, अक्का, मी तुम्हाला एकदा काही बोललो होतो.

त्यांनी कुठलं म्हणून विचारलं नाही. “ध्यानात आहे की,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासनं तुमच्यासमोर स्वल्प कमीच बोलते मी. आमचं तुम्हाला काहीच नाही वाटतंय म्हटल्यावर काय बोलायचं, अण्णा?”

मी म्हणालो की ते चुकीचं होतं. अखेर दोन शब्दांपैकी एक तरी निघाला. त्यांनी वाटीतलं मीठ बोटानं सपाट केलं.

“माझं राहू दे. मी मोठी बाई, मला शेजार पुष्कळ होता. पोरीला सांगा जा. मला सांगून काय?”

मुलगी आमच्या घरात जमिनीवर बसून आमच्या वाटची बरणी भरत होती. बायको बाजारात गेलेली. मी आत गेलो, खुर्चीवर बसलो, आणि मला जे दोन कानडी शब्द जोडता येत होते ते बोललो. “नीरु कोडु.” पाणी दे.

तिचा दांडा थांबला. तिनं वर पाहिलं. मग उठली, माठातून पाणी काढलं आणि माझ्या हातात दिलं. “मला म्हणताना कोडु चालेल, बाबा,” ती म्हणाली. “पण अक्कांना म्हणाल तेव्हा कोडी म्हणा. मोठ्यांना कोडु म्हटलं तर वाईट दिसतं. आणि ‘नीरु’ एवढं ओढायचं नाही, लोक हसतात.”

इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. पाणी माझ्या हातात तसंच होतं.

“तू उशिरा बोलायला लागलीस, असं आपण सगळ्यांना सांगतो,” मी म्हणालो. “ते खरं नाही. तू वेळेवर बोलत होतीस. मी ते बंद केलं.” आणि मग बादलीचं सांगितलं. फुलपात्र मी कसं धरलं होतं तेही. डॉक्टरांना काय सांगितलं, तेही. जमिनीकडे बघून सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

ती म्हणाली, “मला माहीत आहे. आईनं सांगितलंय.”

“कधी?”

“मागेच. बाबा स्वतः सांगतील, म्हणाली. तोवर तू विचारू नकोस.”

बाहेर अक्का कुणाला तरी मीठ महाग झाल्याचं सांगत होत्या. मुलीनं बरणी पायानं थोडी बाजूला सारली. तिच्या हाताला चिंच लागलेली होती, ती तिनं फडक्याला पुसली. सावकाश, एकेक बोट. तिला रडू आलं नव्हतं, रागही दिसत नव्हता. माझ्या मनात आलं की आता ती ‘बरं बाबा’ म्हणेल आणि उठून जाईल, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

“मग आता विचारू?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“का केलंत?”

माझ्याकडे उत्तरं होती. आजोबा होते, शास्त्र होतं, पुणं होतं. यातलं कुठलंही मी एका वाक्यात, आवाज न चढवता सांगू शकलो असतो, आणि ती ‘हो बाबा’ म्हणाली असती. मी फुलपात्र खाली ठेवलं.

“मला वाटलं,” मी म्हणालो, आणि पुढचं मला येईना.

ती उठली नाही. गुडघे जवळ घेऊन तिथंच बसून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत.